चिमणराव, भूपेन आणि आमचं प्रहसन

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत जे आठ मिनिटांचं प्रहसन झालं, ते मी लिहिलं होतं. गोष्ट साधी. दोन मुलं वर्गणी मागायला एका किराणा दुकानाच्या शेठकडे जातात आणि एकावन्न रुपये वाचवण्यासाठी शेठ जे काही करतो, त्यावर प्रेक्षकांनी हसायचं. शेठ ‘माझा बायको’ म्हणायचा, हॉलला ‘होल’ म्हणायचा. टाळ्या भरपूर पडल्या. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला. पुण्याच्या मामांनी तीन ओळी भरून हसणारे चेहरे पाठवले.

दुसऱ्या रांगेत आमच्या शेजारचे गुजराती काका आणि काकी बसले होते. मी लहान असल्यापासून ते आमच्याकडे आरतीला येतात. काकी सगळ्या आरत्या पुस्तक न बघता म्हणतात, मला अजून मधली कडवी आठवत नाहीत. काका दांडिया बाजारात मराठी मुलांबरोबर वाढले, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या गुजरातीपेक्षा केव्हाही चांगलं. कार्यक्रम संपल्यावर प्रसादाच्या रांगेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘लिहिलंस छान. पण एक सांग, असा शेठ तू पाहिलायस कुठे?’’

रागावून नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तो कुठेच पाहिलेला नव्हता. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला दरवर्षी न मागता वर्गणी पाठवतो आणि वर नारळांचं पोतं देतो. माझा शेठ मी टीव्हीवरून उचलला होता. टीव्हीवाल्यांनी तो आणखी कुठल्या जुन्या नाटकातून उचलला असणार.

यात आणखी एक गंमत आहे, ती मला नंतर सुचली. आम्ही सुट्टीत पुण्याला जातो तेव्हा मामेभावंडं आमच्या बोलण्यावर अशीच हसतात. मी एकदा ‘पतंग चगवला’ म्हणालो आणि पुढचे चार दिवस माझं नाव ‘चगव्या’ पडलं. भाजीला ‘शाक’ म्हटलं की त्यांच्या घरात हशा. ते मला लागायचं. आणि तोच मी, वडोदऱ्यात परत येऊन, शेजारच्या काकांसमोर तेच केलं.

यंदा मंडळाने पुन्हा लिहायला सांगितलं, तेव्हा आधी चार जाणत्या माणसांना भेटून यायचं ठरवलं. आपल्या गावात चित्रं काढणारे, नाटकं बसवणारे कमी नाहीत. विचारायचं एवढंच होतं: ज्यांच्यात राहतो त्यांच्यावर विनोद करायचा कसा? नावं छापू नकोस, असं सगळ्यांनीच सांगितलं, म्हणून छापत नाही.

पहिल्या भेटल्या त्या आमच्या मागच्या गल्लीतल्या चित्रकार काकू. फाइन आर्ट्सच्या जुन्या विद्यार्थिनी, आता सत्तरीच्या पुढच्या, अजून रोज सकाळी दोन तास काम करतात. मी प्रहसनाची गोष्ट सांगितली. त्यांनी बरं म्हटलं नाही की वाईट. त्या प्रश्नच विचारत सुटल्या. तुझा शेठ बसतो कुठे, गादीवर की खुर्चीवर? मागच्या भिंतीवर काय टांगलंय? तराजू हाताचा की इलेक्ट्रॉनिक? दुपारी जेवायला घरी जातो की डबा येतो? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. मग त्या आत गेल्या, एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं. भूपेन खख्खर यांच्या चित्रांचं.

आपल्या वयाच्या पुष्कळांनी हे नाव ऐकलेलं नसेल, मीही नीट ऐकलेलं नव्हतं. भूपेन खख्खर १९३४ साली मुंबईत गुजराती घरात जन्मले. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून ते बडोद्याला आले, फाइन आर्ट्समध्ये कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसले आणि इथलेच झाले. पुढे कितीतरी वर्षं ते एका कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. २००३ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची गणना देशातल्या मोठ्या चित्रकारांत होत होती. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं.

काकूंनी १९७२ च्या आसपासची पानं उघडली. ‘जनता वॉच रिपेअरिंग’. ‘डीलक्स टेलर्स’. आणि एक चित्र, ज्याचं नावच ‘असिस्टंट अकाउंटंट मिस्टर आय. एम. पटेल’. नाव वाचून मी हसलो. काकू म्हणाल्या, बघ, चित्र पाहायच्या आधीच हसलास. त्या नावात कुणाची टिंगल नाही. ऑफिसच्या दारावर पाटी असते तसं ते नाव. त्या माणसाला ‘असिस्टंट’ही हवं आहे आणि ‘मिस्टर’ही हवं आहे, आणि चित्रकाराने ते दोन्ही त्याला देऊन टाकलं आहे. हसू येतं ते एवढ्यासाठी, की आपल्या ओळखीत असे चार पटेल आहेत. त्यात एखादे जोशी-कुलकर्णीही आहेत.

त्या काळात मोठ्या चित्रकारांच्या चित्रांत घड्याळजी आणि शिंपी क्वचितच दिसत. भूपेन यांनी दुकानाची पाटी, कॅलेंडरवरच्या देवांसारखे चटकदार सपाट रंग, स्टुडिओतल्या फोटोसारखी ताठ बसलेली माणसं असा सगळा ‘हलका’ समजला जाणारा ऐवज उचलला आणि त्याच थाटात ही माणसं रंगवली. बघणाऱ्याला प्रथम वाटतं, हा थट्टा करतोय. मग लक्षात येतं की घड्याळं एकेक करून मन लावून काढलेली आहेत. थट्टा करणारा माणूस इतका वेळ घालवत नाही.

हे वाक्य काकूंचं. मी ते वहीत लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती भूपेन यांच्या १९७२ च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगची. चित्रकारांचे कॅटलॉग म्हणजे एरवी गंभीर चेहरा, गंभीर मजकूर. यांनी स्वतःचेच फोटो छापले: एकात ते पिळदार मिस्टर युनिव्हर्स, एकात जेम्स बाँड, एकात जाहिरातीतले मॉडेल. अंगकाठी यातल्या कशालाच न शोभणारी. म्हणजे घड्याळजीला आणि अकाउंटंटला कॅनव्हासवर बसवणाऱ्या या माणसाने त्याच वर्षी स्वतःलाही हसायला पुढे केलं होतं. शिवाय तो स्वतःच अकाउंटंट. पटेलांवर हसताना अर्धं हसू स्वतःच्या वाट्याला येणारच.

काकूंकडून निघताना डोक्यात एक शंका घोळत होती. भूपेन गुजराती होते, त्यांनी गुजराती मध्यमवर्ग रंगवला. गुजरातीत ‘मोजीला मणिलाल’सारखं नाटकही लिहिलं. घरच्या माणसावर घरच्याने हसावं, ते वेगळं. मी मराठी, मी गुजराती शेठवर लिहूच नये का?

याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळालं, आमच्याच कपाटात. आईने चिं. वि. जोशींचं जुनं पुस्तक काढून दिलं. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आपल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते, ते बाबांना आठवतं. पण हे चिमणराव लिहिले गेले तेव्हा त्यांचे लेखक आपल्या गावात राहत होते, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं, याची थोडी लाज वाटली. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) जन्माने पुण्याचे. पालीचे पंडित. बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दप्तराचं काम त्यांच्याकडे आलं. दिवसा बौद्ध ग्रंथ आणि सरकारी दप्तर, आणि लिहायला बसले की चिमणराव.

आता गंमत पाहा. चिमणराव राहतात पुण्यात. त्यांची ती नोकरी, पत्नी काऊ, मोरू-मैना-राघू, दंडुका घेतलेला गुंड्याभाऊ, सगळा संसार पुण्याचा. आणि तो लिहिणारा माणूस बसलाय बडोद्यात. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला पुणं जरा लांबून दिसतं, आणि आपलंच असल्यामुळे जवळूनही दिसतं. मला वाटतं चिमणरावांची खुमारी बरीचशी या अंतरात आहे. हा माझा तर्क. अभ्यासकांना पटेलच असं नाही.

पण माझ्या अडचणीसाठी कामाची गोष्ट दुसरीच निघाली. चिमणरावांच्या गोष्टी बहुतेक स्वतः चिमणराव सांगतात. ‘मी’ म्हणून. फजिती होते ती त्यांचीच, आणि ती इतक्या गंभीरपणे सांगतात की आपण हसतो. समोरचा माणूस कितीही विचित्र असला तरी सर्वांत भाबडा माणूस गोष्ट सांगणाराच असतो. म्हणजे बाकीच्यांना हसायचा परवाना लेखकाने आधी स्वतःची फी भरून काढलेला आहे. माझ्या प्रहसनात वर्गणी मागणारी दोन मराठी मुलं होती. ती हुशार होती, हजरजबाबी होती, शेवटी जिंकत होती. त्यांची एकदाही फजिती होत नव्हती. ती मुलं म्हणजे अर्थात मी.

हे सगळं मोठ्या उत्साहाने मी तिसऱ्या व्यक्तीला सांगितलं आणि तिने माझी हवाच काढली. ही फाइन आर्ट्समध्ये शिकणारी सोलापूरकडची मुलगी. पेइंग गेस्ट म्हणून राहते आणि घरमालकीण आजींवर छोटी व्यंगचित्रं काढून इन्स्टाग्रामवर टाकते. आजी मराठीच आहेत, आणि त्यांना ही चित्रं ठाऊक आहेत. एकदा तर नाक फार मोठं काढलंय म्हणून त्यांनी तक्रार केली होती. तिचं म्हणणं असं: फक्त स्वतःवर हसा, हा सल्ला ऐकायला छान आहे, पण मग ज्यांच्यावर हसायलाच हवं ते सुटतात. भाडं वाढवणारा, मुलींना रात्री आठनंतर बाहेर जाऊ न देणारा, पाणी बंद करणारा. त्यांच्यावर कोण हसणार? विनोद टोचलाच पाहिजे, फक्त कुणाला टोचतो ते पाहून टोच.

मी म्हटलं, मग माझा शेठ चालला असता?

ती म्हणाली, तुझा शेठ पैसेवाला म्हणून हास्यास्पद होता की गुजराती म्हणून? पैसेवाला म्हणून असता तर त्याला ‘माझा बायको’ म्हणायची गरजच नव्हती.

यावर मी काय बोलणार?

पुढे तिच्याशी गप्पा वळल्या फाइन आर्ट्सच्या मेळ्याकडे. जुन्या बडोदेकरांना हा मेळा माहीत आहे, आपल्या पिढीसाठी थोडं सांगतो. १९५० च्या सुमारास सयाजीराव विद्यापीठात कलाशाखा उभी राहिली, तेव्हा चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. बेंद्रे इंदूरचे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. म्हणजे या नावाजलेल्या बडोदे शाळेच्या पायात माळव्यातल्या एका मराठी चित्रकाराचा हात आहे. इंदूरच्या वाचकांनी हे अभिमानाने घ्यावं. बेंद्रे यांच्याबरोबर बंगालचे शंखो चौधरी होते, केरळचे के. जी. सुब्रमण्यन आले. एवढ्या प्रांतांची माणसं एका बागेत काम करू लागली. १९६१ मध्ये त्यांनी फाइन आर्ट्स फेअर सुरू केला.

मेळा म्हणजे काय, तर शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, भांडी, शुभेच्छापत्रं, बाहुल्या बनवायचे आणि गावाला विकायचे. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार या मेळ्यासाठी लाकूड, मणी, चामडं यांतून प्राणी बनवायचा. मुलांची चित्रपुस्तकंही त्याने केली. ती खेळणी पाहिलीत तर कळेल, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काही ना काही खट्याळपणा आहे. आज ती कलासंग्राहकांकडे आहेत, तेव्हा मुलांच्या हातात गेली.

चित्रकार काकूंनी या मेळ्यात काम केलं होतं, म्हणून मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांना आठवलं ते शिल्प नाही, चित्र नाही, स्टॉल. प्रदर्शनात लोक चित्रासमोर गप्प उभे राहतात, कळलं नाही तरी मान हलवतात. स्टॉलवर तसं नसतं. रावपुऱ्यातली बाई मुलाला घेऊन येते, बाहुली हातात घेते, हसते किंवा परत ठेवते. त्यांनी एक भुवया उंचावलेला हत्ती केला होता, आपल्या मते फार विनोदी. दिवसभरात एकही गेला नाही. शेजारच्या मित्राने केलेली साधी डुलणारी बदकं दुपारीच संपली. संध्याकाळी एका लहान मुलीने सांगितलं, हत्ती चिडलाय म्हणून नको. काकूंनी रात्री बसून उरलेल्या हत्तींच्या भुवया खाली केल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मला त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं हे सर्वांत उपयोगी वाटलं. विनोद चालला की नाही हे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कळतं, आणि समोरचा माणूस रोज भेटणारा असला पाहिजे. पुण्याच्या मामांच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून मला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते प्रसादाच्या रांगेत.

अर्थात सगळ्यांना खूश करत बसलं की काय होतं, तेही भूपेन यांनीच रंगवून ठेवलं आहे. बाप, मुलगा आणि गाढव ही आपल्याला लहानपणी सांगितलेली गोष्ट: बाप गाढवावर बसला तरी लोक नावं ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात, दोघे चालले तरी ठेवतात. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात खालच्या गावात ही गोष्ट चालू आहे आणि वर गच्चीत एक माणूस, अंगावर काही नाही, आपल्याकडे पाठ करून ती बघतो आहे. भूपेन समलिंगी होते. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी ते झाकून काढला, आणि या चित्राच्या सुमारास झाकणं सोडलं. लोक काय म्हणतील या भीतीवर त्यांनी मुलांच्या गोष्टीतलं गाढव आणून उभं केलं. मी हे चित्र काकूंच्या पुस्तकात बराच वेळ पाहत बसलो होतो. हसू येतं, आणि मग जरा वेळाने घशात काहीतरी अडकतं. माझ्या आठ मिनिटांत हे कुठून येणार? पण निदान कुणाला घाबरून पुचाट लिहायचं नाही, एवढं ठरवलं.

मग यंदाचं प्रहसन लिहिलं. वर्गणी मागायला जाणारा मुलगा एकच ठेवला. तो बडोद्यात जन्मलेला, घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हींत कच्चा. तो शेठच्या दुकानात जातो आणि मराठी बाण्याचं भाषण सुरू करतो, त्यात दर दोन वाक्यांना गुजराती शब्द घुसतो. शेठ हिशेब करता करता त्याचं मराठी सुधारत राहतो. कंजूषपणा ठेवला आहे, पण तो शेठचा नाही, आमच्या मंडळाच्या खजिनदाराचा. खजिनदारांनी संहिता वाचली. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, त्या पात्राला माझ्यासारखा चष्मा देऊ नका, बाकी चालेल. चष्मा काढला. पावती फाडताना कार्बन दोनदा वापरायची त्यांची सवय मात्र ठेवली आहे, ती त्यांना ओळखू आली नसावी.

दुकानासाठी मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे तीन संध्याकाळी बसलो. गादी नाही, प्लास्टिकची खुर्ची आहे, पाय मोडलेला, खाली वीट. काटा इलेक्ट्रॉनिक, पण जुना तराजू अजून भिंतीला, दर दसऱ्याला हार घालतात. मागे गणपती आणि श्रीनाथजी शेजारी शेजारी. डबा घरून येतो, आणि तो उघडला की उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते एक ढोकळा दिल्याशिवाय खात नाहीत. हा ढोकळा प्रहसनात घेतला. मुलाचं भाषण ढोकळा तोंडात असताना चालू राहतं.

शेठची भूमिका करायला कुणी मिळत नव्हतं. आमच्या मंडळातले सगळे नट मराठी, आणि त्यांच्या तोंडी गुजराती ऐकून माझंच मन धजेना. शेवटी शेजारच्या काकांना विचारलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग काकींकडे पाहिलं, मग संहिता मागून घेतली.

परवा पहिली तालीम झाली. काकांनी संहितेत चौदा ठिकाणी लाल पेनाने खुणा केल्या होत्या. अकरा माझ्या गुजरातीच्या चुका. तीन मराठीच्या.